चाहत्यांनी घडवलेले मोठे मॉड पहिल्यांदा खेळताना : ‘एंडेरल’पासून सुरुवात

बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकन कंपनीचा ‘स्कायरिम’ हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. हा गेम ज्या साधनांनी बांधला गेला होता, त्यांचा ‘क्रिएशन किट’ नावाचा संच कंपनीने पुढच्याच फेब्रुवारीत सर्वांसाठी मोफत खुला केला. त्यानंतरच्या काळात जगभरच्या खेळाडूंनी नवी तलवार, नवे घर, अधिक सुबक झाडे अशा लहानसहान भरी घातल्या. मूळ गेममध्ये खेळाडूंनी केलेल्या अशा बदलांना ‘मॉड’ म्हणतात. म्युनिकच्या ‘शुअरएआय’ या हौशी गटाने मात्र मूळ गेमचा नकाशा, कथा आणि पात्रे पूर्णपणे बाजूला ठेवून त्याच इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ यंत्रणेवर, एक स्वतंत्र जग उभे केले. हे ‘एंडेरल’ २०१६ च्या जुलैमध्ये जर्मन भाषेत आणि ऑगस्टमध्ये इंग्रजीत आले. त्यातील संवाद दोन्ही भाषांमध्ये पूर्णपणे ध्वनिमुद्रित आहेत आणि ते मोफत आहे. कथेच्या बाबतीत ते मूळ ‘स्कायरिम’पेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी आजवर एकही मॉड बसवलेले नाही, पण अशा एखाद्या मोठ्या मॉडची ख्याती ऐकून ते खेळावेसे वाटत आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मुख्य उदाहरण ‘एंडेरल’चे घेतले आहे, कारण ते बसवणे तुलनेने सोपे आहे आणि त्यात मिळणारा अनुभव पुढच्या प्रत्येक मोठ्या मॉडला उपयोगी पडतो. एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी. अशा मॉडकडे जुन्या गेममध्ये घातलेली भर म्हणून न पाहता एक नवा, वेगळा गेम म्हणून पाहावे. नवख्या खेळाडूंच्या बहुतेक अडचणी हे न केल्यामुळेच येतात, मग त्या तांत्रिक असोत वा खेळण्याच्या सवयीतल्या.

मूळ गेमची नेमकी आवृत्ती विकत घ्या

मॉड मोफत असले, तरी ते ज्या गेमच्या इंजिनावर चालते तो गेम तुमच्या खात्यात विकत घेतलेला असावा लागतो. ‘स्कायरिम’च्या दोन प्रमुख आवृत्त्या आहेत. पहिली २०११ ची मूळ आवृत्ती आणि दुसरी २८ ऑक्टोबर २०१६ रोजी आलेली ‘स्पेशल एडिशन’. मूळ आवृत्ती ३२ बिटची असल्यामुळे ती संगणकाची मेमरी एका मर्यादेपलीकडे वापरूच शकत नाही आणि मोठी मॉड्स चालवताना ती अडखळते किंवा बंद पडते. ‘स्पेशल एडिशन’ ६४ बिटची असल्याने ही मर्यादा तिला नाही. म्हणून आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘स्पेशल एडिशन’च घ्यावी. २०२१ मध्ये आलेली ‘अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन’ म्हणजे हीच आवृत्ती अधिक काही जादा सामग्री. ‘एंडेरल’चे जग वेगळे असल्याने त्या सामग्रीचा इथे काही उपयोग नाही, तेव्हा केवळ ‘एंडेरल’साठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज नाही.

गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातूनच घ्यावा, कारण ‘एंडेरल’चे स्टीमवरील पान तुमच्या स्टीम खात्यात ‘स्कायरिम’ आहे की नाही हे तपासते. भारतात स्टीमवर किमती रुपयांत दिसतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात. सणासुदीच्या आणि ऋतूंच्या सवलतींमध्ये या जुन्या गेमची किंमत बरीच उतरते, त्यामुळे घाई नसेल तर थांबणे शहाणपणाचे. कुठल्या तरी संकेतस्थळावर फुकट मिळणारी चोरटी प्रत वापरण्याचा मोह टाळावा. नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी अशा प्रतींमधील फायली कोणत्या आवृत्तीच्या आहेत हे कळायला मार्ग नसतो आणि मॉडचे सारे गणित आवृत्तीवरच अवलंबून असते.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर ‘एंडेरल’ खेळता येत नाही. त्यासाठी विंडोज संगणक लागतो आणि त्यात किमान ८ जीबी रॅम व स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असावे.

आधी मूळ गेम चालवून पाहा

‘स्कायरिम’ डाउनलोड करण्यापूर्वी स्टीमच्या सेटिंग्जमधील स्टोरेज या भागात जाऊन गेमसाठी एक वेगळे फोल्डर ठरवावे. शक्यतो ते सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर असावे. विंडोज त्या फोल्डरवर जादा पहारा ठेवते आणि पुढे फायली बदलण्याची वेळ आली, तर परवानग्यांचा घोळ होतो. दुसरा ड्राइव्ह असेल आणि तो एसएसडी (वेगवान प्रकारचा ड्राइव्ह) असेल तर उत्तमच, कारण दारे उघडताना आणि प्रदेश बदलताना लागणारा वेळ त्यामुळे बराच कमी होतो.

त्यानंतर मूळ ‘स्कायरिम’ कोणतेही मॉड न घालता सुरू करावा आणि निदान तासभर खेळावा. ही पायरी अनेकांना वेळेचा अपव्यय वाटते, पण तिचे दोन फायदे आहेत. तुमचा संगणक हे इंजिन पेलतो की नाही, हे इथेच कळते. पेलत नसेल, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा एकूण वेळ २ तासांपेक्षा कमी असताना स्टीमकडे पैसे परत मागता येतात. दुसरा फायदा असा की पुढे ‘एंडेरल’ अडले, तर दोष संगणकाचा आहे की मॉडच्या मांडणीचा, हे ओळखणे सोपे जाते.

‘एंडेरल’ बसवणे

स्टीमच्या दुकानात ‘एंडेरल’ शोधल्यावर दोन नोंदी दिसतात. ‘फरगॉटन स्टोरीज’ हे विस्तारित रूप फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. त्यात कथेचे नवे धागे आणि पात्रांचे नवे वर्ग आहेत. हे रूप मूळ ३२ बिटच्या ‘स्कायरिम’साठी होते. त्याच्याच नावापुढे ‘स्पेशल एडिशन’ असे लिहिलेली नोंद २०२१ मधली आहे आणि आपल्याला तीच हवी. नाव नीट वाचूनच बटण दाबावे, कारण चुकीची नोंद निवडली की काही जीबी डाउनलोड वाया जातो आणि मोबाइल डेटावर काम भागवणाऱ्याला ते परवडणारे नसते.

डाउनलोड पूर्ण झाल्यावर ‘एंडेरल’ तुमच्या स्टीम संग्रहात स्वतंत्र गेम म्हणून दिसते. त्याचे फोल्डर वेगळे आणि सेव्ह फायलीही वेगळ्या असतात. त्यामुळे मूळ ‘स्कायरिम’ला धक्का लागत नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर ग्राफिक्सची पातळी, पडद्याचे रिझोल्यूशन वगैरे निवडता येते. पहिल्या दिवशी मध्यम पातळीवर समाधान मानावे आणि खेळ सुरळीत चालतो असे दिसल्यावरच ती वाढवावी. संवादांची उपशीर्षके मात्र लगेच सुरू करावीत. या कथेत तत्त्वचिंतनाने भरलेली लांब संभाषणे आहेत आणि त्यांतील एखादे वाक्य निसटले, तर त्याची उणीव पुढे कित्येक तासांनी जाणवते.

इथे थांबावे. ‘स्कायरिम’साठी लोकप्रिय असलेली सुंदर आकाशाची, नव्या चिलखतांची किंवा नव्या कौशल्यांची मॉड्स लगेच ‘एंडेरल’मध्ये टाकण्याची हौस बहुतेकांना होते. ती आवरावी. ‘एंडेरल’मध्ये नकाशा, कौशल्यांची रचना आणि शत्रूंची मांडणी बदललेली असल्यामुळे ‘स्कायरिम’साठी लिहिलेली बरीच मॉड्स तिथे नसलेल्या गोष्टी शोधत बसतात आणि गेम कोसळतो. खरोखरच काही हवे असेल, तर नेक्सस मॉड्स या संकेतस्थळावर ‘एंडेरल’साठी वेगळा विभाग आहे, तिथलेच घ्यावे. तेही ‘मॉड ऑर्गनायझर २’सारख्या व्यवस्थापकामार्फत बसवावे. हा व्यवस्थापक मॉडच्या फायली गेमच्या फोल्डरमध्ये कॉपी न करता वेगळ्या ठेवतो आणि त्या जागच्या जागी आहेत असे गेमला केवळ भासवतो. त्यामुळे एखादे मॉड नको झाले, तर एका टिचकीत ते बाजूला होते आणि मूळ फायली जशाच्या तशा राहतात.

पहिले काही तास : जुन्या सवयी सोडणे

‘स्कायरिम’ खेळून आलेल्या माणसाला ‘एंडेरल’ सुरुवातीला अन्यायकारक वाटते. पडदा तोच, हातातली तलवार तशीच, कळफलकावरच्या कळाही त्याच, पण नियम निराळे. सर्वात जास्त खेळाडू याच टप्प्यावर मॉड सोडून देतात, म्हणून या भागावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिला मोठा फरक प्रगतीचा. ‘स्कायरिम’मध्ये जे काम कराल ते कौशल्य वाढते, त्यामुळे लोहाराच्या भट्टीजवळ उभे राहून लोखंडी खंजिरांची रास घडवली की लोहारकामात प्रावीण्य मिळते. ‘एंडेरल’मध्ये शत्रू मारून आणि कामगिऱ्या पूर्ण करून अनुभवाचे गुण मिळतात, पातळी वाढली की शिकण्याचे गुण मिळतात आणि ते खर्च करण्यासाठी त्या-त्या कौशल्याचे पुस्तक विकत घेऊन वाचावे लागते. पुस्तकांना चार पायऱ्या आहेत. एखादे कौशल्य २५ च्या पुढे न्यायचे असेल, तर नवशिक्याचे पुस्तक चालत नाही, वरच्या पायरीचे घ्यावे लागते आणि ते अर्थातच महाग असते. लढाईची कौशल्ये आणि किमयाशास्त्र, लोहारकाम यांसारखी हस्तकौशल्ये यांचे गुण वेगवेगळे मोजले जातात. याचा व्यवहारातला अर्थ असा की सुरुवातीला मिळालेले पैसे नव्या चिलखतावर उधळू नयेत. एक हत्यार किंवा जादूची एकच शाखा निवडावी आणि तिच्या पुस्तकांसाठी पैसे राखून ठेवावेत. चार कौशल्ये थोडी थोडी वाढवणारा खेळाडू दहाव्या पातळीला कशातच पुरा पडत नाही.

दुसरा फरक जिवावर बेतणारा आहे. ‘स्कायरिम’मध्ये लढाई चालू असताना खेळ थांबवून औषधाच्या दहा बाटल्या रिचवता येतात. ‘एंडेरल’मध्ये आरोग्याचे प्रत्येक औषध आणि बरे करणारी जादू ‘आर्केन फीव्हर’ नावाचा ज्वर वाढवते. तो टक्क्यांत मोजला जातो आणि १०० टक्क्यांवर पोहोचला की पात्र मरते. ज्वर उतरवणारे ‘अँब्रोझिया’ नावाचे औषध मिळते, पण ते सुरुवातीला दुर्मीळ असते. म्हणून लढाईबाहेर शक्यतो अन्न खाऊन किंवा झोप घेऊन आरोग्य भरून काढावे आणि औषधाची बाटली खरोखर गळ्याशी आल्यावरच उघडावी. नियम त्रासदायक वाटला तरी तो कथेशी घट्ट बांधलेला आहे. या जगात जादूची किंमत काय, हा कथेचाच प्रश्न आहे आणि खेळाडू ती किंमत स्वतःच्या आरोग्याच्या पट्टीवर मोजत राहतो. मूळ ‘स्कायरिम’मध्ये नियम आणि कथा यांची अशी सांगड फार थोड्या ठिकाणी आढळते. मोठ्या कंपनीला लाखो ग्राहकांना सांभाळायचे असते, म्हणून ती असा जाच सहसा करत नाही. हौशी गटाला ती चिंता नसते.

तिसरा फरक प्रवासाचा. नकाशावर बोट ठेवले आणि क्षणात पोहोचलो, असे इथे नाही. मायराड नावाच्या उडणाऱ्या प्राण्यांची ठराविक ठाणी आहेत, पैसे देऊन त्यांच्यावरून एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जाता येते आणि ठराविक जागी नेणाऱ्या जादूच्या गुंडाळ्याही मिळतात. बाकी सारे पायी. शत्रूंची ताकदही तुमच्या पातळीप्रमाणे कमीजास्त होत नाही. एखाद्या गुहेतला शत्रू दोन घावांत लोळवत असेल, तर तिथून निमूट परत फिरावे, पाच-सहा पातळ्या वाढल्यावर पुन्हा यावे. आर्क या राजधानीत पोहोचेपर्यंत मुख्य कथेच्या वाटेवरच राहावे आणि आडवाटांच्या कामगिऱ्या त्यानंतर हाती घ्याव्यात, असा माझा सल्ला आहे. राजधानीत व्यापारी, पुस्तके आणि मायराडचे ठाणे सारेच जवळ मिळते.

सेव्ह करताना एकाच जागी पुन्हा पुन्हा सेव्ह करू नये. दर थोड्या वेळाने नवी सेव्ह फाइल करावी आणि आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नये. हे इंजिन दीर्घ खेळात अधूनमधून रुसते, त्या वेळी अर्ध्या तासापूर्वीची स्वच्छ फाइल हाताशी असली की संध्याकाळ वाया जात नाही.

आवृत्तीचा प्रश्न आणि ‘फॉलआउट : लंडन’चा धडा

‘एंडेरल’ स्टीमवरून घेतले की सुसंगत फायली सोबतच येतात आणि आवृत्तीची डोकेदुखी सहसा उद्भवत नाही. इतर मोठ्या मॉड्सबाबत तसे नाही. ‘फॉलआउट : लंडन’ हे बेथेस्डाच्याच ‘फॉलआउट ४’ या गेमवर उभारलेले प्रचंड मॉड आहे. त्यात २२३७ सालचे उद्ध्वस्त लंडन पूर्णपणे नव्याने उभे केले आहे आणि ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाचे माजी सभापती जॉन बर्को यांच्यापासून ‘डॉक्टर हू’ गाजवणाऱ्या सिल्व्हेस्टर मॅकॉय यांच्यापर्यंत अनेकांनी त्याला आवाज दिले आहेत. ते २३ एप्रिल २०२४ रोजी येणार होते. बेथेस्डाने त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ एप्रिलला, ‘फॉलआउट ४’चे मोठे अपडेट आणले. अशा अपडेटने गेमची मुख्य फाइल बदलते आणि तिच्यातील ठराविक जागांवर बोट ठेवून काम करणारी स्क्रिप्ट विस्तारके (मॉड्सना जादा क्षमता देणारी पूरक साधने) निकामी होतात. कित्येक वर्षे खपून तयार झालेले मॉड त्यामुळे अडकले आणि शेवटी २५ जुलै २०२४ रोजी बाहेर पडले.

नवख्याने यातून इतकेच लक्षात ठेवावे की मॉडच्या पानावर मूळ गेमची जी आवृत्ती लिहिली आहे, नेमकी तीच हवी, त्याहून नवी चालणार नाही. ‘फॉलआउट : लंडन’साठी सर्व विस्तारांसह असलेली ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्ती लागते आणि ती गॉग या दुकानातून घेतलेली असेल तर मॉड बसवण्याचे काम बरेच सोपे होते. स्टीमवरची प्रत असेल, तर गेम आधी जुन्या आवृत्तीवर उतरवावा लागतो. त्यासाठी मॉडच्या गटाने दिलेल्या सूचना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही पायरी न गाळता पाळाव्यात. सूचनांमध्ये ‘फॉलआउट ४’चा उच्च रिझोल्यूशनचा चित्रसंच काढून टाका असे सांगितले आहे. तो ठेवून पाहण्याचा प्रयोग करू नये. शिवाय स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, गेम सुरू करतानाच अपडेट व्हावे असा पर्याय निवडावा, म्हणजे रात्रीतून फायली बदललेल्या सापडत नाहीत. मॉड एकदा नीट चालले की चालू प्रवास संपेपर्यंत काहीही अपडेट करायचे नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर

काहींना पन्नास-साठ तासांचा संसार आणि आवृत्त्यांचा हिशेब, दोन्ही नको असतात. त्यांनी ‘पोर्टल स्टोरीज : मेल’ घ्यावे. हे २०१५ मध्ये आले, स्टीमवर मोफत आहे आणि ‘पोर्टल २’ हा कोड्यांचा मूळ गेम खात्यात असला की एका बटणावर बसते. त्यातील कोडी मूळ गेमपेक्षा स्पष्टपणे अवघड आहेत. कोडी जड जातात अशी तक्रार झाल्यावर कर्त्यांनी कथा-प्रकार नावाचा सोपा पर्याय दिला. पहिल्या खेपेस तोच निवडण्यात कमीपणा मानू नये.

‘ब्लॅक मेसा’ची गोष्ट आणखी वेगळी आहे. व्हॉल्व्ह या कंपनीचा ‘हाफ-लाइफ’ हा १९९८ चा गेम चाहत्यांनी नव्या इंजिनावर पुन्हा बांधला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये मोफत प्रसिद्ध केला. त्यात झेन या परग्रही जगातील शेवटची प्रकरणे नव्हती. मूळ गेममधला तोच भाग सर्वात दुबळा, घाईत उरकलेला मानला जातो. क्रोबार कलेक्टिव्ह या गटाने तो नुसता उतरवून न काढता जवळजवळ नव्याने रचला आणि मार्च २०२० मध्ये पूर्ण गेम आणला. व्हॉल्व्हच्या परवानगीने तो आज विकत मिळतो, त्याला मूळ ‘हाफ-लाइफ’ लागत नाही, म्हणजे मॉड बसवण्याचा प्रश्नच उरत नाही. मूळ आणि नवे झेन एकापाठोपाठ एक खेळून पाहावे. चाहत्यांचे काम मूळ कर्त्यांच्या पुढे जाते म्हणजे काय होते, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही. नवे झेन थोडे लांबले आहे, ही तक्रार मात्र मलाही मान्य आहे.

डाउनलोड, तक्रार आणि शिष्टाचार

मॉड नेहमी कर्त्यांनी दिलेल्या अधिकृत जागेवरूनच घ्यावे, म्हणजे स्टीम, गॉग, नेक्सस मॉड्स किंवा मॉडडीबी. दुसऱ्याने पुन्हा चढवलेल्या प्रती जुन्या असतात आणि त्यांत काय मिसळले आहे हे सांगता येत नाही. सगळ्याच कंपन्या बेथेस्डा किंवा व्हॉल्व्हइतक्या उदार नाहीत, हेही ध्यानात असावे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डोच्या ‘मेट्रॉइड २’ची चाहत्यांनी केलेली नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि काही दिवसांतच कंपनीने ती कायदेशीर मागणी करून उतरवायला लावली.

खेळताना दोष आढळला, तर आधी तो ज्ञात दोषांच्या यादीत आहे का ते पाहावे. नसेल तर मॉडची आवृत्ती, गेमची आवृत्ती, इतर कोणती मॉड्स लावली आहेत आणि नेमक्या कोणत्या जागी काय केल्यावर काय झाले, एवढे लिहून कळवावे. ‘चालत नाही’ एवढ्याच निरोपावरून कोणालाही काही करता येत नाही. हे लोक नोकरी-शिक्षण सांभाळून फावल्या वेळात काम करतात, त्यामुळे पुढचा पॅच (दुरुस्तीची नवी फाइल) कधी, असा तगादा लावू नये. देणगी देण्याची सोय असेल आणि खेळ आवडला असेल, तर ती जरूर द्यावी.

‘एंडेरल’ संपल्यावर त्याच गटाचे आधीचे ‘नेहरिम’ खेळण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, कारण ‘एंडेरल’चा नायक त्याच नावाच्या भूमीतून पळून आलेला असतो. ‘नेहरिम’ २०१० चे आहे, ते बेथेस्डाच्या ‘ऑब्लिव्हियन’ या जुन्या गेमवर चालते आणि २०२० पासून स्टीमवर मिळते. त्यासाठी २००६ चा मूळ ‘ऑब्लिव्हियन’ घ्यावा, २०२५ मध्ये आलेली त्याची नवी रीमास्टर्ड आवृत्ती नव्हे. संवाद जर्मनमध्ये आहेत, इंग्रजी उपशीर्षके वाचत खेळावे लागते.